चित्रपट व्यावसायिकांची संघटना: आधी सभासद-यादी आणि करार, मग पदाधिकारी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महेश्वरचे घाट, मांडूचे महाल, इंदूरचे जुने मोहल्ले आणि माळव्यातली खेडी इथे हिंदी चित्रपट आणि वेबमालिकांचे चित्रीकरण वाढत चालले आहे. ६५व्या आणि ६८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मध्य प्रदेश 'मोस्ट फिल्म फ्रेंडली स्टेट' ठरले. या कामावर घर चालवणारे लाइटमन, सेटिंग दादा, स्पॉट दादा, मेकअप आणि ड्रेसवाले, फोकस पुलर, साउंडचे साहाय्यक, जनरेटर ऑपरेटर, लोकेशन मॅनेजर आणि ज्युनिअर आर्टिस्ट इंदूर, महू, धार, महेश्वर या पट्ट्यात राहतात. मराठी नाटकांच्या तालमींतून या कामाकडे वळलेली मुलेमुलीही त्यांत आहेत. या सर्वांची एक व्यावसायिक संघटना असावी, ही चर्चा शहरात अधूनमधून होते. ती संघटना व्हायलाच हवी असे आमचे ठाम मत आहे आणि म्हणूनच ती कशी उभी करावी हे सविस्तर लिहीत आहोत.

अशा संघटनांची सुरुवात बहुधा उलट्या टोकाकडून होते. नाव ठरते, बोधचिन्ह होते, अध्यक्ष आणि पाच उपाध्यक्ष जाहीर होतात, एखाद्या मान्यवराला संरक्षक केले जाते, पहिला कार्यक्रम म्हणून सत्कार होतो. सभासद कोण आणि कोणत्या निकषावर, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मग पहिल्यांदा कुणाचे पैसे बुडतात, तो माणूस संघटनेकडे येतो आणि त्याने काम केले होते हे सिद्ध करायला संघटनेकडे एक कागदही नसतो. तिथेच तिचा जीव जातो.

मुंबई-चेन्नईच्या संघटना आपल्याला नमुना म्हणून उपयोगी नाहीत. तिथे एकेका कलेचे हजारो सभासद आहेत. आपली तुलना छोट्या देशांशी व्हायला हवी. २०११च्या जनगणनेत एकट्या इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या ३२ लाखांवर होती. आइसलँड हा देश चार लाखांचाही नाही, भूतान आठ लाखांच्या आत आहे. तरी या देशांत चित्रपट होतात, परदेशी युनिटे (चित्रीकरणाचे चमू) येतात आणि संघटनेचे जे प्रश्न तिथे उभे राहिले तेच आपल्यापुढे आहेत.

भूतानचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. पावो चोयनिंग दोर्जी यांचा 'लुनाना: अ याक इन द क्लासरूम' हा चित्रपट २०२०मध्ये ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागासाठी पाठवला गेला, पण तो स्पर्धेत धरलाच गेला नाही. कारण भूतानने १९९९नंतर प्रवेशिका पाठवली नव्हती आणि अकादमीने मान्य केलेली निवड समिती देशात अस्तित्वातच नव्हती. पुढच्या वर्षी रीतसर समिती झाली, तोच चित्रपट पुन्हा पाठवला गेला आणि फेब्रुवारी २०२२मध्ये त्याला नामांकन मिळाले. चित्रपटातली एक चौकटही बदललेली नव्हती; मधल्या काळात फक्त मान्यता असलेली संस्था उभी राहिली होती.

आइसलँडमध्ये निर्मात्यांची, दिग्दर्शकांची आणि तंत्रज्ञ-चित्रकर्मींची संघटना वेगवेगळी आहे. सरकारला सल्ला देणाऱ्या चित्रपट परिषदेवर या संघटना आपापले प्रतिनिधी सुचवतात. तिथले सरकार चित्रीकरणावरच्या खर्चाचा काही भाग परत करते. २०२२पासून मोठ्या निर्मितींना ३५ टक्के परतावा मिळतो. त्यासाठी देशात किमान ३० दिवस काम आणि किमान ५० माणसांचा सहभाग अशा अटी आहेत. अनुदान माणसांच्या संख्येशी जोडायचे तर माणसांची खरी नोंद लागते. आपल्याकडचे अनुदान राज्यात किती दिवस चित्रीकरण झाले याच्याशी जोडलेले आहे. उद्या ते स्थानिक तंत्रज्ञांच्या संख्येशीही जोडा असे सांगायला गेलो, तर अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न असेल, 'यादी कुठे आहे?'

एवढ्या छोट्या देशात तीन संघटना कशाला, असे कुणालाही वाटेल. पण छोट्या जागीच त्यांची गरज जास्त असते. मोठ्या उद्योगात निर्माता निर्माता असतो आणि लाइटमन लाइटमन. इथे एकच माणूस ऑक्टोबरमध्ये लाइन प्रोड्यूसर (बाहेरच्या युनिटसाठी स्थानिक कामाची व्यवस्था पाहणारा) असतो, डिसेंबरमध्ये स्वतःचा कॅमेरा भाड्याने देतो आणि फेब्रुवारीत एखाद्या मालिकेत तहसीलदाराची भूमिका करतो. स्वतःला तो कलाकार समजतो, पण ऑक्टोबरमध्ये त्याने ४० लोकांना रोजावर लावलेले असते. मुंबईहून येणारे युनिट स्थानिक माणसांना थेट पैसे देत नाही, लाइन प्रोड्यूसरच्या हातून देते. म्हणजे थकबाकीची तक्रार झाली की ती बहुतेक वेळा याच माणसाविरुद्ध असते. असा माणूस कार्यकारिणीत असेल तर तक्रार आत येण्याआधीच दबते. लाइन प्रोड्यूसर वाईट असतात असा याचा अर्थ मुळीच नाही. अनेकदा मुंबईकडून पैसे न आल्याने ते स्वतःच अडकलेले असतात. पण देणारा आणि घेणारा यांना एकाच मतपेटीत टाकता येत नाही.

यावर आमची सूचना अशी आहे: गेल्या बारा महिन्यांत ज्याने इतरांना पैसे देऊन कामाला लावले, तो त्या वर्षापुरता 'नियोक्ता' वर्गात. त्याला सभेत बसता येईल, बोलता येईल, संघटनेच्या प्रशिक्षणाचा लाभ घेता येईल. पण मानधन, तक्रार आणि कार्यकारिणीची निवड यांवर मत देता येणार नाही. वर्ग माणसाच्या पदावरून ठरवू नये, त्या वर्षीच्या व्यवहारावरून ठरवावा. पुढच्या वर्षी तो फक्त कॅमेरामन म्हणून काम करत असेल तर आपोआप मतदार होईल. हा नियम पहिल्या घटनेतच लिहून ठेवावा. नंतर घालायला गेलात तर तो कुणा एका व्यक्तीविरुद्ध आणल्यासारखा दिसतो आणि संघटना दुभंगते.

आता कायदेशीर रूप. मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली सात जण एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. दुसरा मार्ग कामगार संघटनेचा. औद्योगिक संबंध संहिता, २०२० आणि बाकीच्या तीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेखाली अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या आणि त्या उद्योगातले किमान १० टक्के किंवा १०० कामगार, यांतली जी संख्या कमी ती, एवढे सभासद लागतात. श्रमायुक्तांचे मुख्यालय भोपाळला नसून इंदूरलाच आहे, ही आपली मोठी सोय आहे.

दोन्हींत फरक काय? नोंदणीकृत कामगार संघटनेला औद्योगिक विवादात कायद्याचे संरक्षण असते. वेतनाची मागणी एकत्र केली म्हणून सभासदांवर कटाचा आरोप ठेवता येत नाही. सोसायटीला हे कवच नसते. उलट कामगार संघटनेत रोजावर काम करणारे सहज बसतात, पण स्वतःचा कॅमेरा घेऊन जीएसटी बिल देणारा छायालेखक 'कामगार' ठरेलच असे नाही. म्हणून आमचे मत असे की पहिली दोन वर्षे सोसायटी चालवावी, तिच्यात कलावार विभाग करावेत आणि लाइट, सेटिंग, स्पॉट, ड्रेस, ड्रायव्हर या रोजंदारीच्या विभागांची संख्या शंभराच्या पुढे गेली की त्यांची स्वतंत्र कामगार संघटना नोंदवावी. दोन्हींचे कार्यालय एक असायला हरकत नाही; बँक खाते आणि इतिवृत्त मात्र वेगळेच हवे.

कामगार आणि स्वतंत्र व्यावसायिक हा भेद नीट न पाळल्याने काय होते ते न्यूझीलंडने पाहिले. २०१०मध्ये 'द हॉबिट'च्या निर्मितीवेळी नटांच्या संघटनेने सामूहिक कराराची मागणी केली आणि इतर देशांतल्या संघटनांनी आपल्या सभासदांना त्या चित्रपटात काम न करण्यास सांगितले. निर्मात्यांचे म्हणणे असे की हे कलाकार स्वतंत्र कंत्राटदार आहेत आणि कंत्राटदारांनी मिळून दर ठरवणे स्पर्धा कायद्याविरुद्ध आहे. चित्रीकरण देशाबाहेर जाईल या धास्तीने सरकारने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घाईघाईने कायदा बदलला. करारात 'कर्मचारी' असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर चित्रपटातला माणूस कंत्राटदारच समजायचा, असे ठरले. कंत्राटदारांना सामूहिक वाटाघाटी करता याव्यात यासाठी २०२२चा स्क्रीन इंडस्ट्री वर्कर्स कायदा यावा लागला. मधली बारा वर्षे तंत्रज्ञांची गेली.

आपल्याकडेही ही वाट निसरडी आहे. पश्चिम बंगालमधल्या कलाकार-तंत्रज्ञांच्या समन्वय समितीने बंगालीत डब केलेल्या महाभारत मालिकेचे प्रसारण रोखण्यासाठी दबाव आणला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २०१७मध्ये न्यायालयाने अशा संघटनांनाही स्पर्धा कायदा लागू होतो असे सांगितले. 'फक्त आमच्याच सभासदांना कामावर घ्या' या मुंबईतल्या संघटनांच्या अटीलाही स्पर्धा आयोगाने त्याच वर्षी चाप लावला. म्हणून इंदूरच्या संघटनेने बहिष्काराची भाषा घटनेत, ठरावात किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कुठेही करू नये. बाहेरच्या युनिटला 'इथे काम करायचे तर आमच्याकडूनच माणसे घ्या' असे म्हणणे हा मोह फार मोठा असतो आणि पहिल्याच वर्षी होतो. रोजंदारीचे किमान वेतन कामगार संघटना मागू शकते. स्वतंत्र व्यावसायिकांचे दर मात्र संघटनेने ठरवून लादू नयेत. कामाच्या अटींचा नमुना प्रसिद्ध करावा.

सभासदत्वाची पडताळणी हा आमच्या मते सगळ्या उभारणीचा पाया आहे. निकष सोपा ठेवावा: मागच्या २४ महिन्यांत किमान तीन निर्मितींत किंवा किमान ६० दिवस पैसे घेऊन केलेले काम. पुरावे कोणते? नाव असलेली कॉल शीट (त्या दिवशी कुणी किती वाजता यायचे याचा कागद), बँक खात्यातली जमा, प्राप्तिकराच्या २६एएस विवरणातली टीडीएसची (पैसे देतानाच कापलेल्या कराची) नोंद, श्रेयनामावलीतले नाव, विभागप्रमुखाचे पत्र. यांतले कोणतेही दोन. नटासोबतचा फोटो हा पुरावा नव्हे, आणि गळ्यातले युनिटचे ओळखपत्रही एकटे पुरेसे नाही, कारण ते बघ्यांनाही मिळते. स्पॉट दादा आणि ज्युनिअर आर्टिस्ट यांना रोख पैसे मिळतात आणि नाव कुठेच येत नाही. त्यांच्यासाठी दोन जुन्या सभासदांनी तारीख आणि ठिकाणासह लेखी दिलेली साक्ष धरावी, पण साक्ष देणाऱ्याने वर्षाला पाचापेक्षा जास्त माणसांसाठी ती देऊ नये. नवशिक्यांना मताधिकार नसलेले प्रशिक्षणार्थी कार्ड द्यावे. छाननी समितीत पाच जण असावेत आणि आपल्या विभागातला किंवा नात्यातला अर्ज कुणी तपासू नये.

अर्जाबरोबर दोन गोष्टी तिथल्या तिथे उरकाव्यात. एक, ई-श्रम नोंदणी, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी. दुसरी, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का ते पाहणे. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, वयोमर्यादा १८ ते ७०. उंच स्टँडवर चढून दिवे बांधणाऱ्या माणसाकडे हेही नसते, कारण बँकेत जाऊन तो अर्ज भरून घ्यायला कुणी त्याला सांगितलेले नसते.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला लोक कचरतात, म्हणून आकडेच मांडतो. समजा १२० सभासद, प्रवेश फी ५०० आणि वार्षिक वर्गणी १,२०० रुपये. पहिल्या वर्षी जमा २,०४,०००. खर्च: अर्धवेळ कारकून महिना ७,००० म्हणजे वर्षाला ८४,०००; खोलीचे भाडे ६०,०००; लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे १५,०००; फोन, छपाई, संकेतस्थळ १५,०००; वकिलाचा सल्ला २०,०००. एकूण १,९४,०००. सगळे छान दिसते. दुसऱ्या वर्षी प्रवेश फी नसते. जमा १,४४,०००, खर्च तोच, तूट ५०,०००. संघटना दुसऱ्या वर्षी लंगडते ती इथे. त्यातही सर्वजण वर्गणी भरत नाहीत. ८० टक्के भरतील असे धरले तर ९६ जणांचे १,१५,२०० रुपयेच येतात. म्हणून खोली घेऊच नये. पत्ता एखाद्या सभासदाच्या कार्यालयाचा द्यावा, खर्च १,३४,०००वर आणावा आणि वर्गणी १,५०० ठेवावी. मग ९६ सभासदांतही भागते. प्रवेश फीची रक्कम पहिल्याच दिवशी वेगळ्या ठेवीत टाकावी आणि तिला दोन वर्षे हात लावू नये. देणग्या आणि ८०जीच्या (देणगीदाराला प्राप्तिकरात मिळणाऱ्या) सवलतीवर अंदाजपत्रक बांधू नये. सभासदांच्याच हितासाठी असलेली संस्था धर्मादाय म्हणून मान्य होणे अवघड असते. सभासद-वर्गणी वेळेवर भरून संस्था चालवणे इंदूरच्या मराठी माणसाला नवे नाही, इथले नाट्यरसिक ते वर्षानुवर्षे करत आले आहेत.

सोसायटीला दरवर्षी कार्यकारिणीची यादी १९७३च्या अधिनियमाच्या कलम २७ आणि लेखापरीक्षित हिशेब कलम २८ खाली दाखल करावा लागतो. पहिल्या वर्षीचा उत्साह ओसरला की नेमके हेच राहून जाते आणि मग वाद झाला की प्रतिस्पर्धी गट निबंधकाकडे हीच त्रुटी घेऊन जातो. हे काम सचिवाच्या भरवशावर ठेवू नये, लेखापरीक्षकाच्या नेमणूकपत्रातच घालावे. वार्षिक सभा जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावी. पावसात बाहेरचे चित्रीकरण मंदावते आणि माणसे घरी असतात. डिसेंबरात बोलावलेल्या सभेला गणपूर्ती होत नाही, मग तहकूब सभेत हजर असलेले दहा जण सगळे ठरवतात आणि बाकीचे नाराज होतात.

करार हा संघटनेचा खरा उपयोग. लेखी कराराची सक्ती नवी नाही. १९८१च्या सिने कामगार कायद्यातही ती होती आणि आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत 'दृक्-श्राव्य कामगारा'साठी ती आहे: निर्मात्याने किंवा त्याच्या कंत्राटदाराने लेखी करार करायचा आणि निर्मात्याने तो सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवायचा. प्रत्यक्षात माणसे फोनवर ठरते त्या बोलीवर निघतात. त्यामुळे संघटनेने एका पानाचा, हिंदीत आणि मराठीत, सहज भरता येईल असा नमुना करावा. त्यात हुद्दा, रोज किंवा ठोक रक्कम, शिफ्ट किती तासांची आणि ती कुठून मोजायची, हे हवे. घोडे पेंड खाते ते या शेवटच्या मुद्द्यावर. इंदूरहून महेश्वर साधारण ९० किलोमीटर. गाडी पहाटे चारला निघते, कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ) सातचा, पॅकअप (काम संपणे) रात्री आठला, घरी पोहोचायला अकरा. करारात 'शिफ्ट १२ तास' एवढेच असेल तर प्रवासाचे पाच-सहा तास हवेत जातात. ठरावीक अंतरापुढे प्रवासाचा वेळ कामात धरावा, पॅकअप आणि पुढच्या कॉलमध्ये दहा तासांचे अंतर असावे, सहा तासांत जेवणाची सुट्टी व्हावी, हे लेखी असले पाहिजे. १४-१५ तास उभा असलेला ड्रायव्हर मानपूरच्या घाटातून रात्री गाडी आणतो तेव्हा गाडीत बसलेल्या सगळ्यांचाच जीव टांगणीला असतो. रात्री दहानंतर पॅकअप झाला तर मुक्काम द्यावा किंवा दुसरा ड्रायव्हर द्यावा.

रद्द होण्याचे कलमही विसरू नये. ४८ तासांच्या आत काम रद्द केले तर पूर्ण रोज, त्याआधी केले तर निम्मा. निघण्यापूर्वी ठोक रकमेच्या ५० टक्के आगाऊ, बाकी शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत बँकेतून. 'चॅनेलकडून आले की देऊ' हे वाक्य करारात येऊ देऊ नये. चॅनेलशी आपला काही करार नसतो.

सुरक्षिततेची यादी छोटी पण सक्तीची असावी. महेश्वरच्या घाटावर १२५ केव्हीएचा जनरेटर वर रस्त्यावर उभा असतो आणि केबल ओल्या पायऱ्यांवरून नदीपर्यंत उतरते. वर ओंकारेश्वर धरणातून पाणी सोडले की नर्मदेची पातळी चढते आणि दुपारी कोरडा असलेला जोड संध्याकाळी पाण्यात असतो. प्रत्येक वितरण पेटीला गळती-रोधक ब्रेकर, जनरेटरला अर्थिंग, केबलचे जोड जमिनीपासून उंच आणि खालच्या पायऱ्यांवर कोणताही जोड नको. लाइट विभागाच्या ज्येष्ठ सभासदाला हे तपासून 'अजून दिवे लावू नका' असे म्हणायचा हक्क करारातच द्यावा, नाहीतर घाईत त्याचे कोण ऐकणार?

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा चित्रपटाच्या युनिटलाही लागू आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२२मध्ये हे स्पष्ट केले. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती नेमणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे, तिची अध्यक्ष महिला असते, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतली. संघटनेने स्वतःची समिती काढून नियोक्त्याला मोकळे करू नये. तिने दोन कामे करावीत: बाहेरची सदस्य म्हणून काम करू शकणाऱ्या जाणकार महिलांची यादी ठेवणे आणि समितीतल्या सदस्यांची नावे-फोन रोजच्या कॉल शीटवर छापले जातात का ते पाहणे. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने आहे. युनिट मुंबईला परतल्यावर मुलगी कुणाला विचारणार? दहापेक्षा कमी माणसांच्या कामात जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, हे सभासद-कार्डाच्या मागे छापावे. केरळात मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या महिलांच्या स्थितीचा अभ्यास करणारी न्या. हेमा समिती २०१७मध्ये नेमली गेली, अहवाल २०१९च्या अखेरीस आला आणि लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. आपण इतकी वाट का पाहायची?

बालकलाकारांबाबत २०१७च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांची मर्यादा, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम नाही आणि मोबदल्यातले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत, अशा तरतुदी आहेत. गावातली मुले गर्दीच्या दृश्यांसाठी उचलली जातात तिथे यांतले काहीच होत नाही. ज्युनिअर आर्टिस्ट पुरवणारे समन्वयक सभासद होणार असतील तर त्यांनी हे पाळण्याची लेखी हमी द्यावी, ही अट असावी.

थकबाकीच्या तक्रारीची रीतही आधीच ठरलेली हवी. पैशांची मुदत टळल्यावर सभासदाने १५ दिवसांत करार, कॉल शीट आणि संदेशांचे स्क्रीनशॉट यांसह लेखी तक्रार द्यावी. संघटनेचे पत्र जाईल, सात दिवसांची मुदत, मग समोरासमोर बैठक. तरी न मिळाल्यास रोजंदारीवाल्यांनी श्रम कार्यालयात जावे. उपकरणे भाड्याने देणारे आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्यासाठी २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा मार्ग फार परिणामकारक आहे: जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आणि सरकारी पोर्टलवर तक्रार. पण त्यासाठी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) काम घेण्याच्या आधीची हवी. पैसे बुडाल्यावर केलेली नोंदणी कामास येत नाही. म्हणून अशा सभासदांची उद्यम नोंदणी प्रवेशाच्या वेळीच तपासावी.

काही गोष्टी संघटनेने करूच नयेत. पुरस्कार सोहळा पहिली पाच वर्षे नको, त्यात पैसा आणि मैत्री दोन्ही संपते. कथा-पटकथांची नोंदणी नको. ते काम मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन करतेच, इथल्या लेखकांनी तिचे सभासद व्हावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, अनुदानासाठी 'ना हरकत' देण्याचा अधिकार सरकारकडे मागू नये. आज तो हक्क वाटतो, उद्या त्याचाच दर ठरतो. त्याऐवजी पर्यटन मंडळाच्या फिल्म कक्षाकडे एवढेच मागावे की अनुदानाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी निर्मात्याने स्थानिक माणसांची यादी आणि त्यांना बँकेतून पैसे दिल्याचा सनदी लेखापालाने तपासलेला तक्ता जोडावा. संघटनेची सही त्यावर नको. खोटे नाव आले तर ते पडताळायला संघटनेची सभासद-यादी असेलच.

या कामाला मोठी रक्कम लागत नाही. येत्या पावसाळ्यात प्रत्येक विभागातले दोघे-तिघे बसले तर घटनेचा मसुदा, सभासद-अर्ज आणि एक पानाचा करार हे तीन कागद तयार होतील. दसऱ्यानंतर युनिटे येऊ लागतील तेव्हा पदाधिकारी निवडलेले नसले तरी चालेल, करार मात्र प्रत्येकाच्या खिशात असावा. मसुदा तपासून देऊ शकतील अशा कामगार कायद्याच्या जाणकार वकिलांनी आणि लेखापालांनी पुढे यावे, ही आपल्या वाचकांना विनंती.

आपले,
चित्रपटनिर्मितीच्या कामाशी संबंधित काही मराठी व्यावसायिक
इंदूर